पडलेली गाडी आणि मोडलेली कंबर

पावसाळा सुरू झाला की तालुक्याच्या गावातील दवाखान्यात काही ठरावीक रुग्ण येऊ लागतात. सर्दी-खोकला, जुलाब, चिखल्या, पाय घसरून मुरगळलेला घोटा. या यादीत गेली काही वर्षे आणखी एका रुग्णाची भर पडली आहे. तो गाडीवरून पडलेला नसतो. त्याची गाडी पडलेली असते आणि ती उचलताना त्याची कंबर गेलेली असते. "अपघात झाला का?" असे विचारले तर तो मान हलवून नाही म्हणतो. "मग काय झाले?" असे विचारले तर जरा ओशाळून सांगतो, "काही नाही डॉक्टर, गाडी कलंडली होती, ती उचलली." केसपेपरवर मग नुसते 'कंबरदुखी' एवढेच लिहिले जाते आणि खरे कारण तिथेच राहून जाते.

आज या सदरात याच विषयावर लिहिणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात दुचाकी नाही असे घर आता आपल्याकडे शोधावे लागते, आणि जी दुचाकी आयुष्यात एकदाही कलंडली नाही अशी दुचाकी तर मुळीच सापडणार नाही.

आठ लिटर दूध

माझ्याकडे येणारा एक दूधवाला आहे. वय पस्तिशीच्या आतले, अंगाने काटक. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना ४० लिटरचा एकेक कॅन अडकवून तो पहाटे पाच वाजता वाडीवरून निघतो. दोन वर्षांपूर्वी आषाढात, चिखलाच्या वळणावर पुढचे चाक घसरले आणि गाडी हळूच उजव्या अंगावर बसली. त्याला स्वतःला खरचटलेसुद्धा नाही. पण एका कॅनचे झाकण उघडले आणि दूध चिखलात वाहू लागले. दूध वाहताना पाहून कुठला गवळी शांत उभा राहील? त्याने कॅन तसेच अडकवलेले असताना, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी हँडल धरून गाडीला हिसका मारला. पहिल्या हिसक्याला गाडी हलली नाही. दुसऱ्याला हलली. तिसऱ्याला कमरेत काहीतरी 'कट्' झाले.

हिशेब करून पाहू. त्याची १०० सीसीची मोटारसायकल सुमारे ११२ किलोंची. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणजे ८० लिटर दुधाचे ८२ किलो झाले. कॅनचे वजन वेगळे. एकूण दोनशे किलोंच्या आसपासचा हा बोजा त्याने झोपेतून नुकत्याच उठलेल्या कमरेने ओढला. सात-आठ लिटर दूध वाचले असेल. त्या दिवशी त्याने तसाच रतीब घातला. तिसऱ्या दिवशी कळ मांडीतून पोटरीत उतरली आणि आठवड्याने उजव्या पायाचा अंगठा वर होईना. मणक्यांमधली चकती सरकून तिने पायाकडे जाणारी नस दाबली होती. शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. आज तो चालतो, गाडीही चालवतो. पण उजव्या पायातली चप्पल अजून मधूनच निसटते.

दूधवाल्याला निदान दुधाचे कारण होते. माझ्यापाशी तेवढेही नव्हते. काही वर्षांपूर्वी भाजी मंडईसमोर गाडी लावताना बाजूचे स्टँड मातीत रुतले आणि माझी गाडी सर्वांच्या देखत आडवी झाली. समोर भाजीवाल्या बसलेल्या, त्यांतल्या निम्म्या माझ्या रुग्ण. "अहो, डॉक्टरांची गाडी पडली!" असे कोणीतरी ओरडले. ते शब्द कानी पडताच मी सारे वैद्यकीय ज्ञान विसरलो आणि एका दमात, वाकून, गाडी उचलून उभी केली. लोकांकडे पाहून हसलोसुद्धा. त्यानंतर आठ दिवस माझे पायमोजे सौभाग्यवतींनी घालून दिले.

तेव्हापासून या विषयावर माझे एक मत बनले आहे. पडलेली गाडी उचलताना कंबर जाते ती बहुतेक वेळा गाडीच्या वजनाने नव्हे, घाईने जाते. आणि ही घाई बहुतेक वेळा लाजेची असते. पडलेली गाडी तिथे आणखी पाच मिनिटे पडून राहिली म्हणून बहुधा काही बिघडत नाही. बिघडते ते आपल्या मनात. गाडी पडली म्हणजे आपणच पडलो, आणि कोणी पाहण्याच्या आत उठले पाहिजे, असे वाटते.

मणक्याचे गणित

आपला कणा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या मणक्यांची उतरंड आहे. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. तिच्या बाहेर चिवट धाग्यांची वेटोळी आणि आत मऊ गर. सरळ उभे राहिल्यावर या गादीवर सर्व बाजूंनी सारखा दाब येतो. कमरेत वाकलो की गादीची पुढची बाजू दबते, मागची ताणली जाते आणि गर मागे सरकू पाहतो. त्यातच वजन उचलले आणि अंगाला पीळ दिला, तर मागची वेटोळी फाटू शकतात. नेमक्या त्याच बाजूला पायाकडे जाणाऱ्या नसा असतात.

हा दाब प्रत्यक्ष मोजलेला आहे. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद अल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून तो मोजण्याचे काम सुरू केले. पुढे १९९९ साली जर्मनीतील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतील चकतीत दाबमापक बसवून निरनिराळ्या हालचाली करायला लावल्या. नुसते उभे राहिल्यावर दाब ०.५ मेगापास्कल होता. २० किलोंचे वजन अंगाशी धरून उभे राहिल्यावर १.१ झाला. तेच वजन गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलताना १.७ झाला. आणि कमरेत वाकून, पाठीची कमान करून उचलताना २.३, म्हणजे उभे राहण्याच्या साडेचार पटींहून अधिक! हे एकाच माणसावरचे मोजमाप आहे, हे खरे. पण वजन तेच राहूनही नुसत्या पद्धतीने किती फरक पडतो, ते यातून समजते.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९१ साली वजन उचलण्याचे एक सुधारित सूत्र तयार केले. सर्व परिस्थिती अनुकूल असेल, वजन अंगाजवळ असेल, पकड चांगली असेल, तरीही त्यात कमाल मर्यादा धरली आहे २३ किलो. आपल्याकडे सिमेंटचे पोते ५० किलोंचे असते आणि हमाल ते पाठीवर घेतो, म्हणून ही मर्यादा वाचून हसू येईल. पण हमालांच्या कमरेची चौकशी कोणी केली आहे?

आता गाडीकडे वळू. साधी स्कूटर सुमारे १०५ किलो, मोटारसायकल ११० ते १५०, आणि बुलेट १९० किलोंच्या पुढे. एवढे वजन माणूस मुळात उचलूच शकत नाही. मग गाडी उभी राहते कशी? कारण ती उचलायची नसतेच, नुसती उभी करायची असते. आडवी पडलेली शिडी आपण भिंतीला उभी करतो तेव्हा तिचे एक टोक जमिनीवर टेकलेलेच असते. गाडीची चाकेही तशीच जमिनीला टेकलेली राहतात आणि त्यांच्या आधाराने गाडी वर फिरते. त्यामुळे ढोबळमानाने सुरुवातीला निम्म्या वजनाइतका जोर लावावा लागतो आणि गाडी वर येत जाईल तसा तो कमी कमी होतो. पण ११२ किलोंचे निम्मे म्हणजेसुद्धा ५६ किलो झाले. हा जोर कमरेने लावायचा की मांड्यांनी, एवढाच प्रश्न आहे. मांडीचे स्नायू शरीरातील सर्वांत दणकट स्नायूंपैकी आहेत. कंबर त्या मानाने नाजूक.

आधी स्वतःकडे पाहा

गाडी पडली की पहिले काम गाडी उचलण्याचे नाही. रस्त्याच्या मध्ये असाल तर आधी मागून-पुढून येणारी वाहने पाहावीत आणि स्वतः बाजूला व्हावे. आपणही गाडीबरोबर पडला असाल तर मिनिटभर बसून राहावे. डोके आपटले का, चक्कर येते का, मान दुखते का, हातपाय नीट हलतात का, हे पाहावे. घाबरल्यावर अंगात जी तरतरी येते तिच्यात मोडलेले हाडसुद्धा काही मिनिटे दुखत नाही. दुसरा कोणी पडलेला असेल आणि मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, तर त्याला खांद्याला धरून ओढून बसवू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. आपल्याकडे चार माणसे धावून येतात ती बहुधा आधी गाडी उभी करतात आणि मग माणसाकडे वळतात. हा क्रम उलटा हवा.

त्यानंतर किल्ली बंद करावी. पेट्रोल सांडत असेल तर जवळ कोणी विडी-सिगारेट ओढत असल्यास त्याला दूर करावे. जुन्या गाडीला पेट्रोलचा कॉक असतो, तो बंद करावा. सायलेन्सर तापलेला असतो. पोटरीला भाजलेले गोल डाग घेऊन येणारे रुग्णही मी बरेच पाहतो.

गाडीवर ओझे असेल तर ते आधी उतरवावे. कॅन, गॅसची टाकी, खताचे पोते, भाजीचे गाठोडे, जे असेल ते. दुधाचा मोह सोडावा. सांडलेले दूध उद्या पुन्हा मिळते.

उभी कशी करावी

आता प्रत्यक्ष पद्धत सांगतो. ही पद्धत मी शोधलेली नाही. अवजड मोटारसायकली चालवणाऱ्या परदेशातील स्त्री-पुरुषांना ती बऱ्याच वर्षांपासून शिकवली जाते. आपल्या गाड्या त्या मानाने हलक्याच आहेत.

पहिली गोष्ट, गाडी घरंगळू नये याची तजवीज. मोटारसायकल उजव्या अंगावर पडली असेल तर गिअरचा पाय वर असतो. पहिला गिअर टाकावा. बाजूचे स्टँडही वरच्या अंगाला असते. ते आधीच उघडून ठेवावे, म्हणजे गाडी उभी राहून पलीकडे झुकली तरी स्टँडवर टेकेल. गाडी डाव्या अंगावर पडली असेल तर गिअर आणि स्टँड दोन्ही खाली दबलेले असतात. अशा वेळी रुमालाने पुढचा ब्रेक मुठीशी आवळून बांधावा. स्कूटरला गिअर नसतो, पण बऱ्याच स्कूटरना मागचा ब्रेक अडकवून ठेवण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा.

दुसरी गोष्ट, उभे कुठे राहायचे. गाडीची सीट आपल्याकडे आणि चाके पलीकडे, अशा बाजूला जावे. पुढचे चाक जमिनीकडे वळेल असे हँडल पूर्ण वळवावे. त्यामुळे खालच्या बाजूची मूठ सीटच्या जवळ येते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडीकडे पाठ करावी. होय, पाठ! तोंड करून उभे राहिले की माणूस वाकतोच. पाठ करून, गुडघे वाकवून, सीटच्या कडेला बूड टेकवावे, खुर्चीच्या कडेवर बसतो तसे. हँडलकडच्या हाताने खालची मूठ धरावी. दुसऱ्या हाताने सीटमागची पकडायची दांडी किंवा चासीचा घट्ट भाग धरावा. इंडिकेटर, आरसा किंवा प्लॅस्टिकचा कुठलाही भाग धरू नये, तो हातात येतो. पाठ सरळ, नजर समोर, दोन्ही पावले खांद्यांएवढी दूर.

चौथी गोष्ट, जोर. बुडाने सीट मागे रेटत, मांड्यांच्या जोरावर, अगदी छोटी छोटी पावले मागे टाकत जावे. हिसका मारू नये. श्वास कोंडू नये, जोर लावताना तोंडाने हळूहळू सोडावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो आणि पोटातील दाब वाढतो. हर्निया असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अर्धी वर आली की गाडी हलकी लागते. इथे उत्साहाने ढकलू नये, नाहीतर ती पलीकडच्या अंगावर जाऊन पडते. ती उभी राहिली की कमरेचा टेका तसाच ठेवून सावकाश वळावे, ब्रेक धरावा आणि स्टँड लावावे.

दोन प्रयत्नांत जमले नाही तर तिसरा करू नये. दूधवाल्याचा तिसरा हिसका आठवावा. पायाखाली चिखल किंवा बारीक खडी असेल तर पोते किंवा झाडाचा पाला टाकून घ्यावा. गाडी उतारावर पडून चाके चढाच्या बाजूला आणि हँडल खालच्या बाजूला असेल, तर एकट्याने मुळीच हात लावू नये.

एक स्कूटर अंगणात उभी होती

हे सारे वाचून कोणी म्हणेल, "आपल्याकडे गाडी पडली की चार माणसे धावून येतात. मग एवढे शिकायचे कशाला?" माणसे धावून येतात ही आपल्या गावांची चांगली गोष्ट आहे आणि मदत मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. फक्त एकाने मोजावे आणि सर्वांनी एकदम जोर लावावा. नाहीतर एक पुढे ओढतो, दुसरा मागे, आणि मदतीला आलेलाच कंबर धरून बसतो. पण पहाटे पाचला वाडीच्या वळणावर कोण असते?

उपकेंद्रात काम करणाऱ्या एका परिचारिका भगिनींची गोष्ट सांगतो. त्यांच्याकडे चार-पाच वाड्या. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बाळंतिणीच्या घरी भेट, सारे काही त्या स्कूटरवरून करत. एकदा पावसात माळावरच्या रस्त्याला स्कूटर कलंडली. ताईंचे वजन ४८ किलो, स्कूटरचे १०५. त्यांनी ओढून पाहिले, जमेना. पाऊण तास त्या लसीचा डबा छातीशी धरून पावसात उभ्या होत्या. मग एक ट्रॅक्टरवाला आला आणि त्याने गाडी उभी करून दिली. जाताना तो म्हणाला, "बाई, झेपत नाही तर कशाला चालवता?"

त्या दिवसापासून स्कूटर अंगणात ताडपत्रीखाली गेली. ताई एस.टी.ने आणि कोणाच्या तरी पाठीमागे बसून जाऊ लागल्या. जिथे एस.टी. जात नाही त्या वाडीवरची भेट पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर गेली. त्या माझ्याकडे आल्या होत्या झोप येत नाही म्हणून. बोलता बोलता हे निघाले.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या आवारात स्कूटर घेऊन यायला सांगितले. जुनी गादी अंथरून तिच्यावर स्कूटर आडवी केली. कंपाउंडर पलीकडच्या बाजूला उभा राहिला. पहिल्या वेळी त्या वाकल्याच. दुसऱ्या वेळी पाठ केली, पण पावले मोठी पडली आणि गाडी पुन्हा खाली बसली. तिसऱ्या वेळी स्कूटर उभी राहिली. ताई क्षणभर तिला टेकून तशाच थांबल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, पुन्हा एकदा पाडा." त्यानंतर आणखी दोन वेळा त्यांनी ती उभी केली. झोपेच्या गोळ्या मी लिहून दिल्या नाहीत.

एका बाजूला तो काटक दूधवाला आणि दुसऱ्या बाजूला या ४८ किलोंच्या ताई. ज्याच्या अंगात ताकद होती त्याची कंबर गेली. जिला 'झेपत नाही' असे ऐकवले गेले तिने ते काम व्यवस्थित केले. फरक पद्धतीचा होता. आणि ही पद्धत आपण कोणालाच शिकवत नाही. परवाना काढताना आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, खुणा पाठ कराव्या लागतात. गाडी पडली तर काय कराल, हे कोणी विचारत नाही. माझे स्पष्ट मत आहे की वाहन चालवायला शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेने अर्धा तास यासाठी द्यावा. महाविद्यालयांनी, महिला बचत गटांनी, दूध संस्थांनी आपल्या माणसांना हे एकदा करून दाखवावे. खर्च आहे तो एका जुन्या गादीचा.

कोणी हात लावू नये

काही जणांनी मात्र पद्धत येत असली तरी एकट्याने गाडी उचलू नये. गरोदर स्त्रिया, गेल्या काही महिन्यांत सिझेरियन, हर्निया, हृदयाची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झालेले, छातीत दुखण्याचा त्रास असलेले, रक्तदाब ताब्यात नसलेले, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या भगिनी. पाळी गेल्यानंतर बऱ्याच स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. अशा हाडांत जोराने मणकाच दबून मोडू शकतो. साठी ओलांडलेल्या पुरुषांनीही आपण तरुणपणी काय उचलत होतो ते आठवू नये. अशांनी गाडी तशीच पडू द्यावी, सावलीत बसावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारावी. यात कमीपणा नाही.

कंबर गेलीच तर

एवढे करूनही कंबर धरलीच, तर घाबरून जाऊ नये. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत आपोआप कमी होते. पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी तीन-तीन आठवडे फळीवर झोपायला सांगत होतो. तो सल्ला आता मागे पडला आहे. एक-दोन दिवस आराम पुरे. नंतर झेपेल तेवढे चालणे-फिरणे सुरू ठेवलेले बरे, कारण पडून राहिल्याने स्नायू अधिकच आखडतात. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून मनाने घेऊ नयेत. त्यांनी जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पाठीवर पाय देऊन 'नस बसवून' घेणे तर टाळावेच. पहिल्याच दिवशी एमआरआय काढण्याचीही बहुधा गरज नसते.

पुढील लक्षणे मात्र धोक्याची आहेत. पायातली ताकद कमी होणे, पाऊल किंवा अंगठा वर न उचलणे. मांड्यांच्या मध्ये, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे. लघवी अडणे किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणे. यांपैकी काहीही झाले तर रात्र असो की दिवस, त्याच वेळी मोठे रुग्णालय गाठावे. इथे तासांचा हिशेब असतो. उद्या पाहू म्हणू नये.

गाडी पडूच नये यासाठीही थोडे करता येते. मऊ मातीत स्टँडखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवावा. उतारावर गाडीचे तोंड चढाकडे करून, पहिल्या गिअरमध्ये लावावी. हँडल वळलेले असताना, अगदी हळू वेगात, पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. जागच्या जागी कलंडणाऱ्या कितीतरी गाड्या अशाच पडतात. आणि पडू लागलेली गाडी एका पायावर तोलून धरण्याचा हट्ट करू नये. ती जाते आहे असे दिसले की सोडून द्यावी आणि स्वतः बाजूला व्हावे. आरसा बाजारात मिळतो, गुडघा मिळत नाही.

येत्या रविवारी घरात जी दुचाकी असेल ती अंगणात घ्यावी. जुनी गादी किंवा दोन गोधड्या अंथराव्यात. टाकी काठोकाठ भरलेली नसावी. एकाने पलीकडे उभे राहावे आणि घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याने, मुलींनी आणि सुनांनीही, एकेकदा गाडी उभी करून पाहावी. आणि पुढे कधी रस्त्यात खरोखरच गाडी पडली, तर कोण बघते आहे हे पाहायला मान वळवू नये. मागून एखादे वाहन येत नाही ना, एवढ्यासाठीच वळवावी.